टाकीतली ऊब आणि ओलावा

हर्मिट क्रॅब हा शंखात राहणारा खेकडा. त्याचे पोट मऊ आणि वळणदार असते. त्याच्या रक्षणासाठी तो मेलेल्या गोगलगायीचा शंख पाठीवर घेऊन फिरतो. पाळण्यासाठी विकले जाणारे हर्मिट क्रॅब बहुतेक जमिनीवर राहणारे असतात. अमेरिकेतल्या दुकानांत सर्वाधिक दिसणारी जात म्हणजे सीनोबिटा क्लिपिएटस. तिची डावी नांगी मोठी आणि जांभळट असते. दक्षिण फ्लोरिडा, बर्म्युडा, कॅरिबियन समुद्रातील बेटे आणि व्हेनेझुएलाचा किनारा हे तिचे घर. या पट्ट्यात हिवाळा जवळजवळ नसतोच. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेल्या कुरासाव बेटावर वर्षातला सर्वांत थंड महिना आणि सर्वांत उष्ण महिना यांच्या सरासरी तापमानात जेमतेम तीन अंशांच्या आसपास फरक पडतो. अशा स्थिर हवामानात वाढलेला प्राणी न्यू जर्सी किंवा शिकागोतल्या घरात आणला, तर त्याच्यासाठी त्या हवामानाचा एक तुकडा काचेच्या टाकीत तयार करावा लागतो. टाकीचे तापमान सांभाळणे म्हणजे हे हवामान सांभाळणे होय. त्यात ऊब, ओलावा आणि खोल वाळू या तिन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

कोणता खेकडा, कोणती टाकी

या प्रकरणातील माहिती जमिनीवरच्या हर्मिट क्रॅबची आहे. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत शंख घेऊन पळणारे जे छोटे खेकडे दिसतात, ते बहुधा क्लिबॅनेरियस किंवा डायोजेनिस या प्रजातींतले असतात. ते समुद्रातले प्राणी आहेत, त्यांना खारे पाणी सतत लागते. येथे वर्णन केलेल्या वाळूच्या टाकीत ते जगणार नाहीत. भारतात सीनोबिटा प्रजातीतले जमिनीवरचे हर्मिट क्रॅब प्रामुख्याने अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप बेटांवर आढळतात.

जमिनीवरच्या हर्मिट क्रॅबच्या अळ्या समुद्रात वाढतात. त्यामुळे घरात त्यांची पैदास करणे फार अवघड असते, आणि विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरून पकडून आणलेला असतो. मोकळ्या किनाऱ्यावर ही जात काही दशके जगू शकते. दुकानातून आणलेले अनेक खेकडे मात्र काही महिन्यांतच मरतात. थंड आणि कोरडी हवा हे त्याचे एक मोठे कारण आहे. हे कारण दूर करणे पूर्णपणे पाळणाऱ्याच्या हाती असते.

शरीराला तापमान का महत्त्वाचे

खेकड्याचे शरीर स्वतःची ऊब तयार करून टिकवू शकत नाही. भोवतालची हवा आणि वाळू जितकी उबदार, तितके त्याचे शरीर उबदार. अशा प्राण्यांच्या शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो आणि दहा अंशांनी उतरले की निम्म्यावर येतो. पचन, हालचाल, जखम भरणे, कात टाकण्याची तयारी ही सारी कामे या वेगावर चालतात. थंडीत खेकडा खाणे सोडतो, कारण खाल्लेले पचवण्याची ताकद शरीरात उरत नाही. फार उष्णतेत उलटे घडते. शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते, पाणी झपाट्याने कमी होते आणि शेवटी शरीरातली प्रथिनेच बिघडू लागतात.

श्वासाचा मुद्दा याला जोडूनच येतो. जमिनीवर राहत असूनही हा खेकडा हवेतला ऑक्सिजन घेण्यासाठी कल्ल्यांवर अवलंबून असतो. कल्ले ओले असतील तरच ते काम करतात. त्यासाठी खेकडा शंखात थोडे पाणी बाळगतो आणि त्याने कल्ले व पोटाची मऊ त्वचा ओली ठेवतो. हवा कोरडी झाली की हे पाणी उडून जाते, कल्ले सुकतात आणि हवेत ऑक्सिजन भरपूर असूनही खेकडा गुदमरू लागतो. हे मरण एका दिवसात येत नाही. खेकडा आठवड्यामागून आठवडे अशक्त होत जातो, आणि पाळणाऱ्याला कारण कळत नाही. पी. ए. डब्ल्यू. जे. डी वाइल्ड यांनी कुरासाव बेटावरील सीनोबिटा क्लिपिएटसचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही प्रजननाबरोबर या खेकड्याच्या शरीरातील पाण्याच्या ताळेबंदालाच मध्यवर्ती स्थान होते.

किनाऱ्यावर खेकडा या दोन्ही धोक्यांतून स्वतःच वाट काढतो. भर दुपारी तो पालापाचोळ्याखाली, झाडांच्या मुळांत किंवा दगडांच्या फटीत दडतो आणि रात्री बाहेर पडतो. टाकीत त्याला पळून जायला जागा नसते. म्हणून टाकीतच निवडीला वाव ठेवावा लागतो.

योग्य मर्यादा

टाकीतल्या हवेचे तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरेनहाइटमध्ये ७५ ते ८५ अंश, असावे. दिवसाच्या मोठ्या भागासाठी २६ ते २८ अंश उत्तम. रात्री एक-दोन अंशांची घट झाली तरी चालते, कारण किनाऱ्यावरही रात्री हवा थोडी निवते. सापेक्ष आर्द्रता ७५ ते ८५ टक्के असावी.

या पट्ट्याच्या खाली खेकडा हळूहळू मंदावतो. २० अंशांच्या आसपास तो शंखात मिटून पडून राहतो, आणि ही स्थिती लांबली तर त्याची तब्येत खालावते. एखाद्या रात्री तापमान थोडे उतरले तर निरोगी खेकडा सावरतो. दिवसेंदिवस थंडीत राहिलेला खेकडा सहसा सावरत नाही. पट्ट्याच्या वरच्या बाजूला धोका अधिक वेगाने येतो. ३२ अंशांच्या पुढे शरीरावर ताण सुरू होतो, आणि तिथून पुढची वाढ काही तासांतही जीवघेणी ठरू शकते. थंडीत चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो, उष्णतेत तो मिळत नाही. म्हणून उपकरणे लावताना वरची मर्यादा आधी सुरक्षित करावी.

सगळ्या टाकीत एकच तापमान ठेवण्याचा प्रयत्न करू नये. टाकीचे एक टोक २८ ते २९ अंश आणि दुसरे २४ ते २५ अंश राहिले, तर खेकडा गरजेनुसार इकडून तिकडे जातो. दोन्ही टोकांना लपायला जागा हवी. नाहीतर आडोशासाठी त्याला नको असलेल्या तापमानात बसावे लागते.

ऊब वाढली की ओलावा का घटतो

उबदार हवेत थंड हवेपेक्षा अधिक बाष्प मावते. २० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते, २८ अंशांना सुमारे २७ ग्रॅम. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती टक्के आहे याचे माप.

समजा टाकीतली हवा २० अंशांना ८० टक्के दमट आहे. तिच्यात दर घनमीटरला सुमारे १४ ग्रॅम बाष्प असेल. याच हवेला पाणी न मिळता २८ अंशांपर्यंत तापवले, तर बाष्प तितकेच राहते. पण मावू शकणारे बाष्प २७ ग्रॅम झाल्यामुळे आर्द्रता सुमारे ५१ टक्क्यांवर येते. खेकड्याला ऊब मिळाली, पण श्वास घेणे अवघड झाले. हीटर लावल्यानंतर चार-आठ दिवसांत खेकडे मलूल होतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

यावर उपाय म्हणजे ऊब देतानाच बाष्पाचा पुरवठा वाढवणे आणि ते बाहेर जाऊ न देणे. पुरवठा ओल्या वाळूतून आणि पाण्याच्या भांड्यांतून होतो. टाकीत गोड्या आणि खाऱ्या पाण्याची दोन भांडी लागतातच. खारे पाणी मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या समुद्री मिठाचे असावे, स्वयंपाकाच्या मिठाचे नव्हे. आणि दोन्ही भांड्यांतल्या पाण्यातले क्लोरीन आधी काढलेले असावे. या भांड्यांत हवेचे बुडबुडे सोडणारा लहान पंप लावला की पाण्याचे बाष्पीभवन वाढते. बाष्प आत ठेवण्याचे काम झाकण करते. झाकण काचेचे आणि नीट बसणारे असावे. जाळीच्या झाकणातून ऊब आणि ओलावा दोन्ही निसटतात. दुकानांत खेकड्याबरोबर विकले जाणारे तारेचे पिंजरे याच कारणासाठी टाळावेत.

उलट टोकाचा दोषही लक्षात ठेवावा. २७ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २३ अंश असतो. खोलीतल्या गारव्यामुळे समोरची काच त्याखाली गेली की तिच्या आतल्या बाजूला पाणी साचून ओघळ खाली वाळूत उतरतात. थोडे दव निरुपद्रवी असते. रोज ओघळ येत राहिले, तर वाळूच्या तळाशी पाणी साचते, वाळूला आंबूस वास येतो आणि खाली पुरून घेतलेल्या खेकड्याला ते घातक ठरते. अशा वेळी पाणी फवारणे थांबवावे, पंप काही काळ बंद ठेवावा आणि बाहेरून काच झाकून तिचे तापमान वाढवावे.

वाळू हा उष्णतेचा साठा

टाकीच्या तळाशी साधारण पाच भाग वाळू आणि एक भाग कोकोपीट यांचे मिश्रण घालतात. ते इतके ओले असावे की मुठीत दाबल्यावर लाडवासारखे वळावे, पण त्यातून पाणी गळू नये. थर किमान १५ सेंटिमीटर खोल असावा. सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीची तिप्पट याहून जास्त होत असेल, तर तितकी खोली धरावी.

हा थर खेकड्याच्या कात टाकण्यासाठी असतो, पण तापमानाच्या दृष्टीनेही त्याचा मोठा उपयोग आहे. ओली वाळू जड असते आणि पुष्कळ उष्णता साठवते. खोलीतली हवा अचानक थंड झाली तरी वाळू सावकाश निवते आणि टाकीला काही तास आधार देते. भरपूर वाळू असलेल्या मोठ्या टाकीचे तापमान लहान टाकीपेक्षा स्थिर राहते. म्हणून नवशिक्यालाही सुमारे ७५ लिटरची टाकी छोट्या डब्यापेक्षा सोपी जाते. वाळूचे तापमान हवेपेक्षा एक-दोन अंशांनी कमी असणे स्वाभाविक आहे.

उष्णता कुठून द्यावी

टाकी तापवण्यासाठी हीट मॅट हे सर्वांत योग्य साधन आहे. ही पातळ, चपटी विजेची पट्टी टाकीच्या काचेला बाहेरून चिकटवतात. ती काच तापवते आणि काचेमुळे आतली हवा तापते. मॅट कुठे लावली जाते यावर खेकड्याचे आयुष्य अवलंबून असते. ती टाकीच्या मागच्या काचेवर, वाळूच्या पातळीच्या वर लावावी. एका टोकाकडे थोडी सरकवून लावली, तर उबदार आणि थंड अशी दोन टोके आपोआप तयार होतात.

अनेक मॅट टाकीच्या तळाखाली ठेवण्यासाठी म्हणून विकल्या जातात. सापांसारख्या काही प्राण्यांना ते चालत असेल. हर्मिट क्रॅबसाठी ते धोक्याचे आहे. खेकडा थंडीपासून, उन्हापासून आणि शत्रूपासून वाचण्यासाठी खाली खणतो. वरून तापणाऱ्या किनाऱ्यावर खाली गारवा आणि ओलावा असतो, त्यामुळे खाली जाणे सुरक्षित हा त्याच्या जातीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. तळाखाली मॅट असेल तर तो जितका खोल जाईल तितका तापतो. शिवाय वाळूचा तळ कोरडा पडतो आणि जाड थरातून उष्णता हवेपर्यंत पोचत नाही. हवा थंड राहते म्हणून पाळणारा मॅटची उष्णता वाढवतो, आणि खाली पुरून बसलेला खेकडा मरतो.

डोक्यावर लावायचे उष्णतेचे दिवे हवा आणि वाळूचा वरचा थर वेगाने सुकवतात. ते लावायला बहुधा जाळीचे झाकण लागते, म्हणजे ओलावा निसटण्याची वाट खुली होते. टाकीत ठेवायचे विजेचे गरम दगड काही ठिकाणी फार तापतात आणि खेकड्याच्या पायांना भाजतात. ही दोन्ही साधने टाळावीत. प्रकाशासाठी साधा एलईडी दिवा पुरे. तो बारा तास चालू आणि बारा तास बंद ठेवावा, पण त्याच्याकडून उष्णतेची अपेक्षा ठेवू नये. प्रकाशाचे वेळापत्रक आणि उष्णतेची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवा विझला की ऊबही संपली, अशी मांडणी नसावी.

मॅट किती वॅटची हवी, हे खोलीतील आणि टाकीतील तापमानाच्या फरकावर ठरते. ७६ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच अशी टाकी घेतली, तर चार बाजू आणि झाकण मिळून काचेचे क्षेत्रफळ सुमारे ०.९ चौरस मीटर होते. एकेरी काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला साधारण ५ ते ६ वॅट उष्णता बाहेर जाते. खोली २० अंशांवर आणि टाकी २७ अंशांवर असेल, तर सात अंशांच्या फरकाला सुमारे ३० ते ३५ वॅट लागतील. मागच्या आणि दोन्ही टोकांच्या बाजूंना थर्मोकोलचे अडीच सेंटिमीटर जाड तुकडे लावले, तर हीच गरज सुमारे २१ वॅटवर येते. हिशोब ढोबळ असला तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: मोठा हीटर घेण्याआधी टाकी नीट झाकून घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

झाकण्यासाठी थर्मोकोल, चंदेरी थर असलेला बबल रॅप किंवा जाड पुठ्ठा चालतो. प्रत्यक्ष मॅटवर आवरण घालायचे असेल, तर मॅटसोबत आलेल्या सूचना आधी वाचाव्यात. काही मॅटना मागे हवा खेळती लागते. समोरची काच मोकळी ठेवली तरी चालते. प्लास्टिकच्या टाकीला मॅट चिकटवू नये. प्लास्टिक उष्णता नीट आत सोडत नाही आणि वाकूही शकते.

थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅटशिवाय लावलेली मॅट सतत चालू राहते. हिवाळ्यातल्या रात्री ती अपुरी पडते आणि उन्हाळ्यातल्या दुपारी टाकी जाळते. म्हणून थर्मोस्टॅट हा ऐच्छिक भाग नाही. थर्मोस्टॅटच्या तारेच्या टोकाला तापमान ओळखणारा प्रोब असतो. ठरवलेल्या तापमानाला थर्मोस्टॅट मॅट बंद करतो आणि एक-दोन अंश घट झाली की पुन्हा चालू करतो.

प्रोब टाकीच्या आत, खेकडे वावरतात त्या उंचीवर, टाकीच्या मध्यापासून उबदार टोकाकडच्या भागात ठेवावा. तो मॅटच्या अगदी जवळ ठेवला तर तिथली गरमी पाहून मॅट लवकर बंद होते आणि उरलेली टाकी थंड राहते. थंड टोकाला ठेवला तर मॅट सारखी चालू राहते आणि उबदार टोक मर्यादेबाहेर जाते. सुरुवातीला थर्मोस्टॅट २७ अंशांवर लावून दोन-तीन दिवस दोन्ही टोकांची नोंद घ्यावी, मग गरजेप्रमाणे अर्धा-एक अंश इकडे-तिकडे करावे.

प्रोब सुटून टाकीबाहेर पडणे हा सर्वांत धोकादायक बिघाड आहे. बाहेरच्या थंड हवेत प्रोबला टाकी थंड असल्याचा भास होतो आणि मॅट बंद होतच नाही. खेकडे चढण्यात तरबेज असतात आणि वायर ओढूनही काढतात. म्हणून प्रोब काचेला पक्का बांधावा, चिकटपट्टी वापरायची तर ती बाहेरच्या बाजूलाच असावी, कारण आतल्या बाजूच्या गोंदाला खेकडा चिकटू शकतो. टाकीची साफसफाई झाली की प्रोब जागेवर आहे ना, हे दर वेळी पाहावे.

मोजमाप

टाकीत किमान दोन डिजिटल तापमापक असावेत, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. दोन्ही वाळूच्या थोडे वर असावेत, झाकणाजवळ नव्हे. उबदार हवा वर जाते, त्यामुळे झाकणाजवळचा आकडा खालच्या परिस्थितीपेक्षा जास्त असतो. तिसरा प्रोब वाळूत काही सेंटिमीटर खोल ठेवला, तर खाली पुरून बसलेल्या खेकड्याची स्थिती समजते. काचेला बाहेरून चिकटवायच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या काचेचे तापमान दाखवतात, हवेचे नाही. त्यांवर विसंबू नये.

आर्द्रतामापकाची तपासणी घरीच करता येते. छोट्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घालावे. मीठ ओले लगद्यासारखे व्हावे, पण पूर्ण विरघळू नये. हे झाकण आणि आर्द्रतामापक घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात आठ ते बारा तास ठेवावे. खोलीच्या तापमानाला अशा ओल्या मिठाभोवतीच्या हवेची आर्द्रता ७५ टक्के असते. मापक ७० दाखवत असेल, तर पुढे त्याच्या आकड्यात ५ मिळवावेत. ८० दाखवत असेल, तर ५ वजा करावेत. काटा असलेले मापक यात पुष्कळदा चुकीचे आढळतात.

हिवाळा

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने हिवाळ्यात घरात माणसे असताना तापमान सुमारे २० ते २१ अंश ठेवण्याची शिफारस केली आहे. माणसांना ते पुरते, खेकड्यांना नाही. त्यातच घर तापवले की घरातली हवा फार कोरडी होते, कारण बाहेरच्या गोठलेल्या हवेत बाष्प अत्यल्प असते. न्यू जर्सी आणि मेरीलँडच्या किनाऱ्यांवरील बोर्डवॉकवर रंगवलेल्या शंखांतले हर्मिट क्रॅब उन्हाळ्यात सर्रास विकले जातात. जुलैत हौसेने आणलेल्या त्या खेकड्याची खरी परीक्षा नोव्हेंबरात सुरू होते. तिथल्या अनेक मराठी घरांतही मुलांच्या हट्टाने असे खेकडे येतात. त्यांच्यासाठी मॅट, थर्मोस्टॅट आणि काचेचे झाकण यांची जुळणी थंडी सुरू होण्याआधीच करून, ती दोन आठवडे चालवून पाहावी.

टाकी बाहेरच्या भिंतीला लागून, दाराजवळ किंवा खिडकीखाली ठेवू नये. हवा गरम करणाऱ्या यंत्राच्या झोताखालीही ठेवू नये. आतल्या भिंतीजवळची, माणसांची फार ये-जा नसलेली जागा बरी.

उन्हाळा

सूर्यप्रकाश थेट काचेच्या टाकीवर पडला, तर आत अडकलेल्या उष्णतेने तापमान थोड्याच वेळात मर्यादेबाहेर जाते. थर्मोस्टॅट मॅट बंद करू शकतो, ऊन बंद करू शकत नाही. म्हणून टाकीची जागा ठरवताना वर्षभरातला सूर्याचा मार्ग पाहावा. हिवाळ्यात खिडकीतून येणारे ऊन उन्हाळ्यापेक्षा खोलीत अधिक आतपर्यंत पोचते, हे विसरू नये. बंद गाडीत खेकड्याला क्षणभरही सोडू नये.

खोलीच फार तापली तर आधी खोली थंड करावी. एअर कंडिशनर हवा कोरडी करतो, पण घट्ट झाकणामुळे टाकीतला ओलावा टिकतो. ती सोय नसेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून, जाड कापडात गुंडाळून टाकीच्या एका टोकाला बाहेरून टेकवाव्यात आणि झाकणावर एक ठेवावी. टाकी घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवणेही चालते, मात्र वाळूत कोणी खेकडा पुरून बसला असेल तर टाकी जोरात हलवू नये. टाकीत बर्फ टाकू नये. झाकण उघडून पंख्याचा वारा सोडला तर हवा थोडी थंड होते, पण ओलावा उडून जातो. हा उपाय फक्त काही मिनिटांपुरता आणि अखेरचा असावा.

वीज गेली तर

हिमवादळात वीज तासन्‌तास जाऊ शकते. पहिले काम म्हणजे टाकी न उघडणे. मग तिच्यावर सर्व बाजूंनी जाड पांघरुणे घालावीत. पूर्ण हवाबंद करू नये, एका बाजूला थोडी फट ठेवावी. खोल ओली वाळू असलेली टाकी पहिले काही तास स्वतःच्या साठ्यावर तग धरते.

त्यानंतर गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून टाकीला बाहेरून लावाव्यात आणि दर दोन-तीन तासांनी बदलाव्यात. हातात धरायची गरम होणारी रासायनिक पाकिटे टाकीच्या आत ठेवू नयेत. त्यांतली लोहभुकटी गंजताना हवेतला ऑक्सिजन घेते, आणि बंद टाकीत ती खेकड्यांचाच ऑक्सिजन घेईल. टाकीजवळ मेणबत्ती किंवा केरोसीनची शेगडी ठेवू नये. ज्यांच्या भागात वीज वारंवार जाते, त्यांनी बॅटरीचा साठा ठेवलेला बरा. ५०० वॅट-तासांची बॅटरी २० वॅटची मॅट एक संपूर्ण रात्र सहज चालवते.

कात टाकण्याचा काळ

खेकड्याचे कवच वाढत नाही. वाढण्यासाठी ते टाकून नवे तयार करावे लागते. त्यासाठी तो वाळूत खोल जातो आणि लहान खेकडा काही आठवडे, तर मोठा काही महिने खालीच राहतो. वर येईपर्यंत तो जुने कवच खाऊन त्यातली खनिजे परत मिळवतो. नवे कवच मऊ असताना तो पूर्णपणे असहाय असतो आणि ऊब-ओलाव्यातला फरक सहन करण्याची त्याची ताकद सर्वांत कमी असते.

या काळात पाळणाऱ्याने टाकीतले हवामान स्थिर ठेवण्यापलीकडे काहीही करू नये. वाळू खणून खेकडा शोधू नये, वाळूवर पाणी ओतू नये, मॅटची जागा बदलू नये. वाळूतला प्रोब २३ ते २६ अंशांच्या आसपास स्थिर आकडा दाखवत असेल, तर सर्व काही ठीक आहे असे समजावे. अनेक दिवस न दिसलेला खेकडा मेला असे समजून वाळू उपसणे हे कात टाकताना होणाऱ्या मृत्यूंचे एक नेहमीचे कारण आहे.

खेकड्याची भाषा

उपकरणे बिघडू शकतात, म्हणून खेकड्याच्या वागण्याकडेही लक्ष हवे. सगळे खेकडे दिवसरात्र उबदार टोकाला गर्दी करत असतील, तर टाकी थंड आहे. सगळे थंड टोकाला किंवा पाण्याच्या भांड्यात बसून असतील, तर ती तापली आहे किंवा कोरडी आहे. रात्रीही हालचाल नसणे, अन्न तसेच राहणे, शंखात मिटून पडणे ही थंडीची लक्षणे. हातपाय सैल सोडून शंखाबाहेर लोंबकळणे, तोंडाशी तपकिरी द्रव येणे आणि अंगाला कुबट वास येणे ही फार उष्णतेची लक्षणे. तपकिरी द्रव दिसला तर खेकड्याला ताबडतोब टाकीच्या थंड भागात, ओलसर वाळूवर हलवावे. मात्र या टप्प्यावर वाचण्याची शक्यता कमी असते.

थंडीत सापडलेल्या खेकड्याला एकदम गरम करू नये. टाकीचे तापमान काही तासांत हळूहळू वाढवावे आणि आर्द्रता आधी ठीक करावी. दुकानातून नवा खेकडा आणतानाही हेच तत्त्व लागू होते. तो बहुधा थंड आणि कोरड्या जागेतून आलेला असतो. घरी आल्यावर त्याला थेट टाकीच्या सर्वांत उबदार भागात न ठेवता थंड टोकाला, पाण्याजवळ सोडावे आणि पहिले काही आठवडे हाताळू नये.

रोजची आणि हंगामी पाहणी

रोज सकाळी आणि रात्री दोन्ही टोकांचे तापमान व आर्द्रता वहीत लिहून ठेवावी. आकडा अचानक बदलला की पहिल्यांदा प्रोब, मग झाकण आणि मग मॅट तपासावी. महिन्यातून एकदा आर्द्रतामापकाची मिठाने तपासणी करावी आणि वाळूचा वास घ्यावा. वर्षातून दोनदा, थंडी आणि उन्हाळा सुरू होण्याआधी, आवरण, वायर आणि थर्मोस्टॅट तपासून त्यांची नव्याने जुळणी करावी. एवढी व्यवस्था नीट बसली की रोजची देखभाल काही मिनिटांची उरते. पकडून आणलेल्या प्रत्येक खेकड्याला मोकळ्या किनाऱ्याइतके दीर्घ आयुष्य मिळावे, यासाठी त्याला पाळणाऱ्याने घ्यायची ही किमान काळजी आहे.